तंबाखूवरचा शोधनिबंध कोणत्या पानापासून वाचावा

भाचा अधूनमधून बातम्या पाठवतो. मागच्या महिन्यात एक आली, खाली त्याचा प्रश्न: "मावशी, तंबाखूचं नवं वाण निघालंय म्हणे, कर्करोगाचं द्रव्य जवळजवळ नाहीसं केलंय. खरं असेल का गं?" मी उलट तीन प्रश्न पाठवले. कोणतं द्रव्य? कशाच्या तुलनेत? कोणत्या मापाने? त्यावर नुसतं हात जोडलेलं चित्र आलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी नोकरी पृथक्करणाच्या प्रयोगशाळेत झाली. बावीस वर्षं सिगारेटी ओढण्यात गेली असं मी सांगते तेव्हा लोक दचकतात. ओढायचं यंत्र, मी मागे उरलेलं मोजायचे. त्यामुळे पुढचं सगळं मोजणाऱ्या बाईच्या नजरेतून आहे. एखादा डॉक्टर किंवा शेतीशास्त्रज्ञ कदाचित दुसऱ्याच टोकाने सुरुवात करेल.

तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय

निबंध हातात आला की गोषवारा शेवटी वाचा. तिथे लेखकाने आपली उजवी बाजू मांडलेली असते, आणि ती एकदा डोक्यात बसली की पुढचे आकडे आपण तिच्याच चष्म्यातून बघतो. सरळ पहिल्या तक्त्यावर जा आणि आकड्यांच्या आधी त्यांचं एकक वाचा. एकच घटक चार तऱ्हांनी लिहिता येतो: एका सिगारेटमागे, एका झुरक्यामागे, एक ग्रॅम तंबाखूमागे, किंवा एक मिलिग्रॅम निकोटिनमागे. चारही बरोबर, आणि चारांतून चार वेगळ्या बातम्या निघतात.

निकोटिन जवळजवळ काढून टाकलेल्या सिगारेटचं उदाहरण घ्या. 2015 साली अमेरिकेत 840 धूम्रपान करणाऱ्यांवर अशा सिगारेटींची सहा आठवड्यांची चाचणी झाली. एका टोकाला ग्रॅममागे 15.8 मिलिग्रॅम निकोटिन, दुसऱ्या टोकाला फक्त 0.4. सर्वांत कमी निकोटिनवाल्यांची दिवसाची सरासरी 14.9 सिगारेटींवर आली, तर भरपूर निकोटिनवाल्यांची 21.3 राहिली. ओढणं कमी झालं, हे खरंच. पण त्या कांडीत जळतो तो पालाच, आणि टार साधारण तेवढंच निघतं. आता हेच टार कुणी 'एक मिलिग्रॅम निकोटिनमागे' लिहिलं, तर आकडा कित्येक पटींनी फुगेल. उलट निकोटिन भरपूर असलेलं उत्पादन याच मापात चकचकीत दिसतं. लेखकाने कुठलंही खोटं न बोलता.

ओलसर तपकिरीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं. 'कोरड्या वजनावर' मोजलेला आकडा आणि 'डबीत आहे तशा' वजनावर मोजलेला आकडा यांत दुपटीचा फरक पडतो. दोन निबंधांची तुलना करायला बसलात तर हे पहिल्यांदा जुळवा.

'आढळलं नाही' या शब्दांशेजारी किती खाली मोजता येत होतं तेही असलं पाहिजे. ते नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही. जाड चाळणीत काही अडकलं नाही म्हणजे धान्यात खडे नव्हते असं होत नाही.

यंत्र ओढतं तसं माणूस ओढतो का

हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा, तेव्हा इथे थोडं रेंगाळते.

सिगारेटी आधी किमान 48 तास 22 अंश तापमानात आणि 60 टक्के आर्द्रतेत ठेवतात, कारण कोरडी कांडी भराभर जळते. मग यंत्र ओढतं: 35 मिलिलिटरचा झुरका, दोन सेकंद, मिनिटाला एक. हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं जुनं माप. धूर काचतंतूंच्या गोल चकतीतून जातो. तिला केंब्रिज पॅड म्हणतात. पांढरी चकती तपकिरी होऊन बाहेर येते, तिचं वजन करायचं. वाढलेल्या वजनातून निकोटिन आणि पाणी वजा केलं की उरतं ते टार. म्हणजे टार हा कुठला एक पदार्थ नव्हे, ती वजाबाकीची बाकी आहे. दोन सिगारेटींचं टार सारखं असलं तरी त्यात काय काय आहे ते सारखं असेलच असं नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समजलं आणि त्या दिवशी जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं.

आता गंमत बघा. फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रं पाडली की यंत्राच्या झुरक्यात बाहेरची हवा मिसळते, धूर पातळ होतो, पॅडवर कमी साचतं आणि पाकिटावर 'लाइट' छापता येतं. माणसाची बोटं आणि ओठ नेमके त्याच छिद्रांवर येतात. शिवाय निकोटिन कमी पडलं की तो लांब झुरका घेतो, लवकर दुसरा घेतो. यंत्राला तलफ येत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1967 मध्ये याच धर्तीच्या चाचण्या सुरू केल्या आणि 2008 मध्ये त्या पद्धतीवरचा आपला शिक्का काढून घेतला. 2009 च्या कायद्याने पुढच्या वर्षापासून 'लाइट', 'माइल्ड', 'लो' हे शब्द तिथे पाकिटावरून गेले.

कॅनडाच्या आरोग्य खात्याने दुसरं, कडक माप रूढ केलं: 55 मिलिलिटर, दर 30 सेकंदांनी, आणि छिद्रं चिकटपट्टीने पूर्ण बंद. निबंधात यंत्राचा उल्लेख आला की यातलं कोणतं वापरलं ते शोधा. एक उत्पादन एका मापाने आणि दुसरं दुसऱ्या मापाने मोजून शेजारी मांडलं असेल, तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. कडक मापसुद्धा माणसाची नक्कल नाही, ते फक्त छिद्रांची पळवाट बंद करतं.

ई-सिगारेटच्या बाबतीत चूक नेमकी उलट्या दिशेने होऊ शकते. 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र आलं. उपकरण 5 व्होल्टवर चालवलं तर वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडू शकणारी संयुगं भरपूर मिळाली, 3.3 व्होल्टवर ती सापडली नाहीत. मथळे अर्थातच 5 व्होल्टचे झाले. त्यावर आक्षेप असा आला, की एवढ्या तापमानाला द्रावण शोषणारी वात कोरडी पडून जळकी, असह्य चव येते. माणूस तो झुरका थुंकेल, यंत्र मात्र बिनतक्रार ओढत राहतं. सिगारेटच्या बाबतीत यंत्र माणसापेक्षा कमी ओढत होतं, इथे जास्त. तेव्हा ई-सिगारेटच्या निबंधात वॅट किंवा व्होल्ट, वातीचा प्रकार, झुरक्याची लांबी आणि 'कोरडा झुरका कसा ओळखला' हे चार तपशील मागा. चौथा बहुतेक वेळा नसतो.

आणखी एक बारीक खूण. चांगल्या निबंधात केंटकी विद्यापीठाच्या संदर्भ सिगारेटीचा आकडा असतो, जसं 3आर4एफ किंवा तिच्या जागी आलेली 1आर6एफ. ती विकायची नसते. सगळ्या प्रयोगशाळांनी तीच ओढायची आणि आपला आकडा इतरांशी जुळतो का ते बघायचं. मी तरी तो स्तंभ आधी बघते. तोच भलता असेल, तर शेजारच्या स्तंभावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

पान कुठलं, वाळवलं कसं, ठेवलं कुठे

भाच्याची बातमी पिकाची होती, तेव्हा शेताकडे वळते. निकोटिन पानात सापडतं, पण तयार होतं मुळांत. 1940 च्या दशकातल्या कलमांच्या प्रयोगांनी हे दाखवलं: तंबाखूच्या मुळांवर टोमॅटोचा शेंडा बांधला तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरतं, उलट बांधणी केली तर तंबाखूच्या पानांत ते जवळपास नसतं. शेंडा खुडला की मुळांना जणू जखमेची वर्दी जाते आणि निकोटिन वाढतं. नत्राचं खत वाढवलं तरी वाढतं. वरच्या पानांत सहसा खालच्यांपेक्षा जास्त असतं. म्हणून 'या वाणात निकोटिन कमी' असं वाचलं की बघायचं: शेंडा कधी खुडला, खत किती दिलं, पानं झाडाच्या कोणत्या उंचीवरची, आणि हे किती हंगाम, किती ठिकाणी करून पाहिलं. एकाच शेतातल्या एका हंगामाचा निकाल म्हणजे बऱ्याचदा त्या वर्षीच्या पावसाचा निकाल असतो.

कर्करोगकारक द्रव्याचं मात्र वेगळं. तंबाखूतल्या नायट्रोसामाइनांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोघांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे निश्चित असलेल्यांत टाकलं आहे. हिरव्या पानात ही द्रव्यं नगण्य असतात. ती वाळवताना आणि मुरवताना घडतात. सावलीत वाळणाऱ्या पानावरचे जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते पानातल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांशी जोडलं जातं. भट्टीत वाळवताना ज्वलनाचा वायू थेट पानांवर सोडला तर त्यातले नायट्रोजन ऑक्साइड तेच काम करतात; उष्णता नळ्यांतून फिरवून वायू बाहेर काढला तर ही द्रव्यं खूप कमी होतात. थोडक्यात, वाण बदललं का वाळवण बदलली, हे निबंधाने वेगवेगळं करून दाखवलं पाहिजे.

वाणाचा खरा उपायही आहे. काही झाडं निकोटिनचं नॉरनिकोटिन करतात, आणि एनएनएन मुख्यतः त्या नॉरनिकोटिनपासून होतं. ते बदल घडवणारं मुख्य जनुक, सीवायपी82ई4, बंद केलं की एनएनएन खरोखर खाली येतं. हे काम पक्कं आहे, मला त्याचं कौतुकही आहे. पण एनएनके दुसऱ्या वाटेने, निकोटिनपासूनच येतं. ते या उपायाने फारसं हलत नाही. जमिनीतून आणि फॉस्फेट खतातून पानात येणारं कॅडमियम हे विषारी धातूही तिथेच राहतं. तंबाखू ते पानांत साठवण्यात पटाईत आहे. आणि पान पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, बेंझोपायरीन ही मंडळी जळण्यातूनच जन्माला येतात, वाण कोणतंही असो. तेव्हा 'द्रव्य कमी' वाचलं की उरलेल्या द्रव्यांची यादी मागवायची. ती बहुधा पुरवणीत असते, जिथे फारसं कुणी जात नाही.

साठवणीबद्दल माझीच फजिती सांगते. ओलसर तपकिरीच्या दोन तुकड्यांची तुलना करायची होती. एक तुकडी शीतपेटीत गेली. दुसरी पेटीत जागा नाही म्हणून टेबलाखालच्या कपाटात राहिली, आणि मी ती सहा आठवड्यांनी उघडली. दुसरीत एनएनएन चांगलंच जास्त निघालं. मी अहवालात मोठ्या ऐटीत 'दोन तुकड्यांच्या निर्मितीत फरक' असं लिहिलं. आमच्या साहेबांनी एकच विचारलं, "डबे कुठे होते?" ओलसर, उबदार तंबाखूत जीवाणूंचं काम चालूच राहतं. मी वाढवलेलं द्रव्य मीच मोजलं होतं! अहवाल मागे घेतला. तेव्हापासून कुठल्याही निबंधात नमुने किती दिवस, किती तापमानाला ठेवले ते वाक्य मी शोधते. सापडलं नाही तर कडेला फुली मारते.

सामू हातात असेल तर स्वतः गणित करा

चघळायची तंबाखू, तपकीर, ओठांत धरायच्या निकोटिनच्या पुड्या यांच्या निबंधात 'एकूण निकोटिन' दिलेलं असतं. तोंडाच्या अस्तरातून पटकन जातं ते मुक्त निकोटिन, आणि ते सामूवर (पीएचवर) अवलंबून असतं. निकोटिनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला ते निम्मं मुक्त असतं तो आकडा, 8 च्या जवळ आहे. म्हणजे सामू 8 असेल तर निम्मं मुक्त, 7 ला साधारण 9 टक्के, 6 ला जेमतेम 1 टक्का, आणि 9 ला 91 टक्के. एका पुडीत 10 मिलिग्रॅम निकोटिन सामू 7 ला आणि दुसरीत 4 मिलिग्रॅम सामू 9 ला असेल, तर पहिलीत मुक्त निकोटिन 1 मिलिग्रॅमहून कमी, दुसरीत साडेतीनहून जास्त. लेबलावरची 'सौम्य' पुडी कोणती ते आता तुम्हीच सांगा. निबंधात सामू दिलाच नसेल, तर 'एकूण निकोटिन' या स्तंभाचा फार उपयोग नाही.

माणसांवरचे अभ्यास

इथे मी पाहुणी आहे, पण मोजमापाचं तेवढं सांगते. 'सहभागींनी सोडली' हे कशावरून ठरवलं ते बघा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांत उतरतो आणि चघळणारा किंवा वाफ ओढणारा त्यात पकडलाच जात नाही. रक्तातलं किंवा लाळेतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून होणारं द्रव्य, साधारण 16 ते 20 तासांत निम्मं होतं, पण निकोटिन सिगारेटचं की औषधी पट्टीचं हे ते सांगू शकत नाही. लघवीतलं एनएनएएल, जे शरीरात एनएनकेपासून होतं, ते तंबाखूच दाखवतं, आणि त्याचा माग आठवडाभराहून जास्त राहतो. प्रश्न कोणता त्यावर कसोटी ठरते. पट्टी लावणाऱ्यांत कोटिनिन तपासून 'सोडली नाही' म्हणणारा निबंध मी पाहिला की हसू येतं.

टक्के दोन्ही बाजूंनी वाचा. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये 886 जणांवर चाचणी झाली: सोडण्यासाठी निम्म्यांना ई-सिगारेट, निम्म्यांना निकोटिनची औषधी उत्पादनं. वर्षाने 18 टक्के विरुद्ध 9.9 टक्के सुटले. 'जवळजवळ दुप्पट' हे खरं, 'शंभरातले आठ जास्त' हेही खरं, आणि सिगारेटपासून सुटलेल्या ई-सिगारेटवाल्यांपैकी 80 टक्के वर्षानंतरही ती ओढतच होते हेही खरं. तीन वाक्यांपैकी बातमीत कोणतं आलं, यावरून बातमी देणाऱ्याचा कल कळतो.

आधी काय, नंतर काय? 2019 मध्येच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका नियतकालिकात ई-सिगारेट आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध दाखवणारा निबंध आला. 2020 च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला, कारण झटका आधी आला की ई-सिगारेट आधी सुरू झाली, हे विश्लेषणात नीट वेगळं केलेलं नव्हतं. उत्पादन नक्की कोणतं, हाही तसाच साधा प्रश्न. 2019 मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी होऊ लागली तेव्हा दोष निकोटिनच्या ई-सिगारेटींवर आला. तपासणीत 51 पैकी 48 रुग्णांच्या फुफ्फुसांतल्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिळालं, जे मुख्यतः गांजातल्या टीएचसी या नशेच्या घटकाच्या भेसळयुक्त तेलात मिसळलेलं होतं.

आणि 'संपर्क कमी' म्हणजे 'धोका कमी' असं परस्पर वाचू नका. तंबाखू न जाळता तापवणाऱ्या आयकॉस उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, जुलै 2020 मध्ये पूर्णपणे बदलणाऱ्यांचा हानिकारक रसायनांशी संपर्क कमी होतो एवढंच म्हणायची मुभा दिली. रोगाचा धोका कमी होतो असं म्हणायची दिली नाही. सिगारेटच्या धोक्याचा आकडा यायला ब्रिटनच्या डॉक्टरांवरचा अभ्यास 1951 ला सुरू झाला आणि आयुष्याची सुमारे दहा वर्षं जातात हे पन्नास वर्षांच्या निकालासह 2004 मध्ये छापून आलं. नव्या उत्पादनांनी अजून तेवढा काळ पाहिलेलाच नाही.

आकड्याचं मूळगाव

एखादा आकडा सगळीकडे दिसतो तेव्हा तो कुणाकडून उचलला ते बघत मागे मागे जा. निकोटिनची प्राणघातक मात्रा 60 मिलिग्रॅम असं पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. ऑस्ट्रियातले औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी 2014 मध्ये त्याचा माग काढला तर तो एकोणिसाव्या शतकात काही जणांनी स्वतःवर केलेल्या संशयास्पद प्रयोगांपर्यंत पोचला. खरी मात्रा बरीच जास्त असावी असं त्यांचं म्हणणं. (त्यावरून निकोटिनच्या द्रावणाची बाटली कुठेही ठेवायची नाही. लहान मूल थोड्यानेही गंभीर आजारी पडतं.)

'ई-सिगारेट 95 टक्के कमी हानिकारक' हेही असंच. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या तेव्हाच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2015 च्या अहवालामुळे ते जगभर गेलं. त्यामागे 2014 चा निबंध आहे, ज्यात 12 तज्ज्ञांनी एकत्र बसून 12 उत्पादनांना 14 निकषांवर गुण दिले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात त्यावर कडक टीका केली. तो अंदाज सत्याच्या जवळ असेलही. पण ते परीक्षकांनी दिलेले गुण आहेत, काट्यावरचं वजन नाही, आणि वाचताना हा भेद लक्षात हवा.

पैसा कुणाचा, हे मी सर्वांत शेवटी बघते, नाहीतर डोळे आधीच रंगतात. बघते मात्र नक्की. 1998 मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात दुसऱ्याच्या धुराच्या परिणामांवरच्या 106 आढावा निबंधांची छाननी आली. 39 निबंधांनी 'हानिकारक नाही' म्हटलं होतं, आणि त्यांतल्या 29 चे लेखक तंबाखू उद्योगाशी जोडलेले होते. उद्योगाची खटल्यांतून उघड झालेली लाखो कागदपत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या संग्रहात कुणालाही फुकट शोधता येतात. जुन्या लेखकाचं नाव तिथे टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. उद्योगाच्या पैशाने झालेलं मोजमाप आपोआप खोटं ठरत नाही. त्यांच्या प्रयोगशाळांतली काही कामं आमच्यापेक्षा नीटनेटकी होती. तिथे मी मोजलेल्या गोष्टींपेक्षा न मोजलेल्या गोष्टींची यादी करते.

भाच्याच्या बातमीत निबंधाचं नावच नव्हतं. त्याला सांगितलंय, आधी ते शोध, मग पुरवणी उघड, आणि एनएनकेचा स्तंभ दिसला की मला फोन कर. अजून फोन आलेला नाही.